मिसिंग आहे, पण कुठल्या सिलिंडरला?

जुनी पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली की गॅरेजमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘प्लग कधी बदलले होते?’ मग प्लग बदलले जातात. ते जमलं नाही तर वायरचा सेट, त्यानेही भागलं नाही तर कार्ब्युरेटर खोलून धुतला जातो. बिल वाढत जातं, मिसिंग मात्र जागच्या जागी. खरं तर पार्टला हात लावण्याआधी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. मिसिंग एका सिलिंडरला आहे की सगळ्यांना? आणि ते स्लोवर जाणवतं की चढावर, लोड आल्यावर?

मारुती 800 घेऊ. डिसेंबर 1983 मध्ये आलेली, 796 सीसी, तीन सिलिंडर. जुन्या मॉडेलांत कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि तिघांत मिळून एक कॉइल. इंजिन मिनिटाला 900 फेऱ्यांवर स्लो चालतंय असं धरलं, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 450 वेळा पेट्रोल पेटायला हवं, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच पेट घेतला जातो. एक सिलिंडर पूर्ण मेला तर ताकद एक तृतीयांशाहून जरा जास्तच घटते. उरलेल्या दोघांना त्या मेलेल्याचा पिस्टनही ओढावा लागतो ना!

आता गैरसमज. ‘गाडी थरथरते म्हणजे मिसिंग’ हा पहिला. तीन सिलिंडरचं इंजिन स्लोवर थोडं थरथरतंच, आणि इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तर ती थरथर थेट सीटपर्यंत येते. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरून पाहा. धुराचे झोत एकसारखे येत असतील तर माउंटिंग बघा. मधूनमधून एक झोत गळत असेल, तर ते मिसिंग. गळणं ठरावीक तालात असेल तर बहुधा एकच सिलिंडर दोषी. कधीही, कसंही असेल तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीकडे वळायचं.

दोषी सिलिंडर शोधायची रीत मिस्त्री लोकांना पाठ असते: एकेका प्लगची वायर काढायची. चालू सिलिंडरची काढली की इंजिन आणखी अडखळतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. फक्त चालू इंजिनवर उघड्या हाताने वायर ओढू नका. तिच्यात काही हजार व्होल्ट असतात आणि वायर लोंबती ठेवली तर कॉइललाही त्रास होतो. इंजिन बंद करून वायर काढा, तिच्यात जास्तीचा प्लग बसवून त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला पक्की टेकवा आणि मग स्टार्टर मारा.

एवढं केलं की ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय’ हे निदान निम्म्या वेळा गळून पडतं. कार्ब्युरेटर एकच आहे आणि तिन्ही सिलिंडर त्याच्याच मिश्रणावर चालतात. जेटमध्ये कचरा आला तर उपासमार तिघांची होईल, एकट्या दोन नंबरची नाही. हाच हिशेब इथेनॉललाही लावा. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाडीचं प्रत्येक दुखणं त्याच्या नावावर खपवलं जातं. ते अगदीच निर्दोष आहे असं नाही. जुने रबरी पाइप आणि वॉशर ते खराब करू शकतं, पाणी शोषून घेतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. पण हे सगळं तिन्ही सिलिंडरना सारखंच भोगावं लागेल. एकालाच वेगळं करणारी हवा-पेट्रोलची तक्रार बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या गॅस्केटची असते: त्या सिलिंडरजवळ फट पडून बाहेरची हवा आत ओढली जाते. असं मिसिंग स्लोवर जोरात असतं आणि रेस दिली की कमी होतं.

‘प्लग काढून बघितला, ठिणगी मस्त पडते, म्हणजे करंट ठीक आहे.’ सगळ्यात जास्त फसवणारा गैरसमज हा. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगीला उडी मारायला थोडं व्होल्टेज पुरतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा मिश्रण आठ-नऊ पटीने दाबलेलं असतं, आणि दाब जितका जास्त तितकं तीच फट ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणून कमजोर कॉइल, झिजलेला प्लग किंवा तुटायला आलेली वायर स्लोवर निभावून नेते. घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मार खाते. गाडी सपाटीवर छान आणि चढावर झटके देत असेल, तर आधी इग्निशनच तपासा. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हे आणखी लवकर उघडं पडतं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ‘पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग’ म्हटलं की किटवाल्याकडे धाव घेतली जाते. त्याआधी प्लगचा गॅप, वायर आणि कॉइल बघून घ्यावी.

पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी गाडी ठणठणीत, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उतरवा. आत दमट हवेचे थेंब असतात, किंवा दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असते. ती रेघ म्हणजे करंटने भाजून काढलेली वाट. कपड्याने पुसून ती जात नाही, कॅपच बदलावी लागते. वायरींची परीक्षा रात्री घ्या: अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की फुटलेल्या वायरवरून निळ्या ठिणग्या बाजूच्या धातूवर उडताना दिसतात.

काढलेले प्लग फेकून देऊ नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडा. कोरडा फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काजळी धरलेला म्हणजे मिश्रण जाड किंवा ठिणगी कमजोर, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय. तिघांपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर रेडिएटरचं पाणी बघा. हेड गॅस्केटमधून ते आत येत असण्याची शक्यता आहे.

‘टॅपेट आवाज करत नाहीत, मग व्हॉल्व्ह उत्तम असणार’, हा समज तर नेमका उलटा. टॅपेट हाताने सेट करावे लागतात अशा इंजिनात सैल टॅपेट खडखडतो आणि ओरडून सांगतो. कडक झालेला गप्प राहतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला टेकला नाही की त्याची उष्णता बाहेर जात नाही आणि कड जळते. सीएनजीवर सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, त्यामुळे गॅप आपोआप कमी होतो. अशा गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न पाहता तपासायला हवेत.

प्लग, वायर, मॅनिफोल्डचं गॅस्केट सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन गेज लावा. सगळे प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा. 10-15 टक्क्यांच्या वर गेला तर दुखणं आतलं आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर गॅस्केट दोघांच्या मधेच गेलेलं असतं.

‘स्कॅनर लावला की कळेल’ हे अशा गाड्यांना लागू नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नसते. तिचा स्वस्तातला स्कॅनर म्हणजे पीयूसीची स्लिप. त्यावर सीओ आणि एचसी असे दोन आकडे छापलेले असतात. दोन्ही जास्त असतील तर मिश्रण जाड असण्याचा संभव अधिक. सीओ बेताचा आणि एचसी मात्र उसळलेला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. नापास झालेली ती स्लिप गाडीबरोबर मिस्त्रीला दाखवा. ‘कार्ब्युरेटर ट्यून करून देतो’ असं तो म्हणाला, तर बोट एचसीच्या आकड्यावर ठेवा.