डच सामासिक शब्द : अक्षरांची फोड आणि आघात

नेदरलँड्स, बेल्जियममधील फ्लँडर्स आणि सुरिनाम येथे राजभाषा असलेल्या डच भाषेत दोन वा अधिक शब्द जोडून नवा शब्द सहज घडविला जातो व तो सलग लिहिला जातो. ‘बुक’ म्हणजे पुस्तक आणि ‘कास्त’ म्हणजे कपाट. त्यांवरून ‘बुकनकास्त’, अर्थात पुस्तकांचे कपाट. मराठीतील तत्पुरुषाप्रमाणे येथेही अर्थदृष्ट्या उत्तरपद प्रधान असते. शब्दाचे लिंगही तेच ठरविते. मुख्य आघात मात्र बहुधा पूर्वपदावर पडतो. नगरभवनाचा वाचक जो ‘स्तातहाउस’ हा शब्द, त्यात तो उत्तरपदावर पडतो. असे अपवाद थोडे आहेत.

अक्षरांची फोड करताना पदांमधील सीमा प्रथम पाहावी लागते. ‘हांत’ (हात) या शब्दाचा अंत्य वर्ण लेखनात ‘द’ असतो. पण शब्दान्ती त्याचा उच्चार ‘त’ होतो. अनेकवचनाचा प्रत्यय लागताच तो पुढील अक्षरात जातो व ‘हान्-दन’ असा ‘द’ पुन्हा ऐकू येतो. ‘हांत-आपल’ या समासात मात्र पुढे स्वर असूनही ‘त’च राहतो, कारण पदसीमा ओलांडून तो पुढील अक्षरात जात नाही.

ही सीमा चुकली की अर्थ पालटतो. ‘क्वार्त्स्लाखन’ हा शब्द ‘क्वार्त-स्लाखन’ असा फोडल्यास त्याचा अर्थ ‘पाव वळसे’ होतो. ‘क्वार्त्स-लाखन’ असा फोडल्यास ‘क्वार्ट्‌झचे थर’. एकाच वर्णक्रमाने लिहिलेला दुसरा एक शब्द ‘मासा-खबेत’ असा, आरंभी आघात देऊन, वाचल्यास ‘सामुदायिक प्रार्थना’ होतो. दुसऱ्या अक्षरावर आघात देऊन ‘मासाझ-बेत’ असा वाचल्यास ‘मालिशचा पलंग’!

संयुक्त क्रियापदांत तर केवळ आघातावर सारे अवलंबून असते. ‘फोरकोमन’मधील ‘फोर’वर आघात दिल्यास ‘घडणे, आढळणे’ हा अर्थ होतो. ‘को’वर दिल्यास ‘टाळणे, प्रतिबंध करणे’. ‘रोगांचे फोरकोमन’ एवढेच कागदावर असेल, तर रोगांचा आढळ अभिप्रेत आहे की रोगांचे निवारण, हे संदर्भावाचून कळणार नाही. अशा वेळी डच लेखक आघातयुक्त स्वरावर तिरकी रेघ देऊन संदेह दूर करतो. बोलणाऱ्याला त्या रेघेची गरज नसते. त्याचा आवाजच अर्थ सांगून जातो.