भीती गुळाची, धोका काहिलीचा

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरातली निम्मी घरं पन्हाळ्याच्या, वाडीच्या नाहीतर जोतिबाच्या वाटेला लागतात. सोबत चार ते दहा वर्षांची पोरं असली, त्यातही दोघं सख्खे किंवा चुलत भाऊ असले, की निघण्याआधीच सूचनांचा भडिमार सुरू होतो. गोड देऊ नका, अंगात येतं. कुस्त्या खेळू देऊ नका. मातीत लोळू देऊ नका. हातात फोन द्या, म्हणजे घाटात गप्प बसतील. यातलं बरंचसं खरं नाही, एवढंच असतं तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण नको त्या गोष्टीला भिण्यात आपलं सगळं लक्ष खर्ची पडतं आणि जिथे डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, तिथे आपण फोटो काढत असतो. म्हणून हे सविस्तर.

“गूळ खाल्ला, आता हा ऐकायचा नाही”

गुऱ्हाळं पेटली की पोरांना घेऊन गुऱ्हाळावर जाणं ही कोल्हापूरकडची हक्काची सहल. घाण्यातून रस येतो, काहिलीत चढतो, खाली चुलवाणात चिपाडं ढकलली जातात. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात. शेवटी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो, आणि मग काहील रिकामी करायची धांदल उडते. गरम गुळाचा गोळा शेंगदाण्यांबरोबर हातात पडला की पोरं उसाच्या फडातून उधळतात. मोठी माणसं म्हणतात, गूळ चढला.

साखरेनं मुलं उधळतात का, हे नीट तपासून झालेलं आहे. अमेरिकेत १९९४ साली मार्क वोलरेच आणि सहकाऱ्यांनी ‘आमच्या मुलाला साखर सोसत नाही’ असं आईवडील सांगत होते अशी मुलंही निवडली. नऊ आठवडे त्या अख्ख्या घरांचा आहार ताब्यात घेतला. तीन आठवडे भरपूर साखर, उरलेले आठवडे साखरेच्या जागी दोन वेगवेगळे कृत्रिम गोड पदार्थ. कधी काय चाललंय हे आईवडिलांना, मुलांना, तपासणाऱ्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांच्या वागण्यात फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा आला, त्याचाही निष्कर्ष तोच.

याहून बोलका प्रयोग त्याच सुमाराचा आहे, आणि तो खास पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांवर झाला. सगळ्यांना बिनसाखरेचं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. एवढंच नाही, त्या मुलांच्या जास्त मागे मागे राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत राहिल्या. गुऱ्हाळावर पोरगं उधळतं ते मोकळं रान, भावंडं आणि धगधगतं चुलवाण बघून. रान नसतं आणि गूळ असता, तर ते शांत बसून बोटं चाटत राहिलं असतं.

गोड हवं तेवढं द्या, असा याचा अर्थ नाही. दातांचं आणि वजनाचं गणित वेगळं आहे. कृत्रिम रंगांचीही गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये २००७ साली तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, काही खाद्यरंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणानं चळवळ थोडी वाढल्याचं दिसलं. परिणाम छोटा होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. तरी रंकाळ्यावरच्या लालभडक गोळ्यापेक्षा काकवी बरी, एवढं खुशाल म्हणता येईल.

आता खरा धोका. उतरायला आलेल्या काहिलीतला पाक ११० अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि तो कातडीला चिकटून राहतो. काहिलीचा काठ मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास, म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या कमरेशी. पाठशिवणी खेळणारं पोरगं मागे बघत पळतं. गुऱ्हाळावर त्याच्या हातातला गूळ मोजत बसण्यापेक्षा, काहील उतरवायच्या वेळी त्याचं मनगट आपल्या हातात हवं.

“दमवा चांगलं, म्हणजे रात्री निमूट झोपतील”

बापमंडळींची ही आवडती योजना. ती बहुतेक वेळा फसते, कारण दमतो तो बाप. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली आठ ते बारा वर्षांचे मुलगे, व्यायामाची सवय नसलेले तरुण आणि मुरलेले खेळाडू अशा तिघांना सायकलवर जीव तोडून पाय मारायला लावले. मुलांचे स्नायू तरुणांच्या मानानं फार कमी थकले. जोर लावून झाल्यावर त्यांच्या नाडीचे ठोके तर त्या खेळाडूंपेक्षाही लवकर खाली आले. पन्हाळ्यावर तीन दरवाजापासून सज्जा कोठीपर्यंत धावत जाऊन पोरगं पाच मिनिटांत “परत?” म्हणतं, त्यामागे हे आहे.

झोपेचं म्हणाल, तर उलटंच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसकट १० ते १३ तास झोप लागते. सहलीच्या दिवशी डुलकी हुकते, जेवण उशिरा होतं, आणि रात्री दहाला ते पोरगं झोपायच्या ऐवजी चिडतं, रडतं, गादीवर उड्या मारतं. आपण समजतो, अजून रग जिरली नाही. ती रग नसते, झोप टळलेली असते. याच वयाच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी, असंही तीच संघटना सांगते. ते तीन तास सकाळी आणि संध्याकाळी वाटून द्यावेत आणि भर दुपारी सावलीत जेवून आडवं व्हावं. पन्हाळ्याच्या तबक उद्यानात सतरंजी टाकून घेतलेली तासाभराची झोप रात्रीचा सगळा तमाशा वाचवते.

“पोरांची जातच दांडगी”

यात थोडं तथ्य आहे. मुलांच्या हालचाली मोजणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा १९८६ साली झाला, त्यात मुलगे मुलींपेक्षा सरासरीनं जास्त चळवळे निघाले. पण तो फरक मध्यम आहे. दहांतल्या तीन मुली सरासरी मुलग्यापेक्षाही चळवळ्या असतात, एवढा त्यात सरमिसळीचा भाग आहे. म्हणून दादा तटावर आणि ताई चादरीवर, ही वाटणी आपण केलेली आहे, निसर्गानं नाही.

पोरं नेमकी कुठे बिथरतात ते एकदा नीट बघा. धावताना नाही. अंबाबाईच्या रांगेत, हॉटेलात ताट येईपर्यंत, गाडीत, फोटोसाठी ओळीत उभं राहताना. म्हणजे थांबायला लागतं तिथे. चार वर्षांच्या मुलाकडून तासभर रांगेत शांत उभं राहण्याची अपेक्षा हीच मुळात चूक. नवरात्रात पोरं बरोबर असतील तर मुखदर्शन घ्यावं, देवी काही रागावत नाही. हॉटेलात ताट येईपर्यंत एकानं पोरांना बाहेर फिरवून आणावं.

आणि कुस्ती. खासबाग मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. त्या गावात दोन भाऊ हिरवळीवर एकमेकांना पट काढून पाडायला लागले की आई धावत येते, “सोड त्याला, सोड!” झटापटीनं मुलं भांडखोर होतात, हा समज फार पक्का आहे. मुलांचे खेळ वर्षानुवर्षं निरखणाऱ्या अभ्यासकांना मात्र खेळातली झटापट आणि खरी मारामारी या दोन निरनिराळ्या गोष्टी दिसल्या. खेळात चेहरा हसरा असतो, थोरला मुद्दाम जोर राखून धरतो, वर-खालीची पाळी बदलत राहते, आणि सुटल्यावर दोघं पुन्हा एकत्रच खेळतात. मारामारीत ओठ आवळलेले, मूठ वळलेली, एकजण पळ काढायच्या बेतात, आणि संपल्यावर दोघांची तोंडं दोन दिशांना. आपण चेहरे बघायचे, हातपाय नाही. जोर कुठे आवरायचा हे मूल याच झटापटीत शिकतं, असं मला मनापासून वाटतं. तालमीत वस्ताद दुसरं काय शिकवतो? जागा तेवढी पाहून द्यावी. माती, वाळू, हिरवळ चालेल. दगडी फरशी आणि तटाचा काठ चालणार नाही.

मातीला तर भिऊच नये. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, एवढं पाहावं. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या वर्षाचा डोस अनेक घरांत राहून जातो. दांडगेपणाचंच आणखी एक: कायम चळवळ्या असणाऱ्या मुलाला ‘हायपर’ म्हणून मोकळं होण्याचीही आता रीत पडली आहे. तो शिक्का डॉक्टरही सहलीतल्या एका दंग्यावरून मारत नाहीत. घर, शाळा अशा निदान दोन ठिकाणी आणि सहा महिने तरी तसंच वागणं दिसावं लागतं.

“पाण्यात आहेत, पण दिसतायत की”

इथे मात्र भीती कमी पडते. जगभरात बुडून मरणाऱ्यांत मुलग्यांचं आणि पुरुषांचं प्रमाण मुली-बायकांच्या दुप्पट आहे, आणि पाच ते चौदा वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत बुडणं येतं.

पहिला गैरसमज, बुडणारं मूल ओरडतं. ते ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? हात वर करून हलवताही येत नाहीत, ते आपोआप पाणी खाली दाबत राहतात. बाहेरून बघणाऱ्याला मूल उभ्यानं खेळतंय असं वाटतं, आणि मिनिटभरात ते खाली जातं. लहान मूल पाण्यात असताना मोठं माणूस हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर हवं, फोन खिशात हवा. काठावर दहा माणसं आहेत म्हणून कुणीतरी बघतच असेल, या भरवशावर राहू नये. एकानं स्पष्ट सांगावं, “आता मी बघतोय.”

दुसरा, पोहायला येतं म्हणजे झालं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं किंवा तलावात शिकलेलं पोहणं थांबलेल्या पाण्यातलं असतं. पंचगंगेची ओढ, रामतीर्थाच्या शेवाळलेल्या खडकांवरून धावणारी हिरण्यकेशी, राऊतवाडीच्या धबधब्याखालचा खळगा हे वेगळं प्रकरण आहे.

तिसरा गैरसमज सगळ्यांत फसवा: ऊन पडलंय, पाऊस नाही, म्हणजे पाणी वाढणार नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे एकाच दरवाज्यातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. ते भोगावतीत येतं, प्रयाग चिखलीला पंचगंगेला मिळतं. वर दाजीपूरच्या जंगलात पाऊस कोसळत असतो आणि खाली घाटावर लख्ख ऊन असतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना ‘घोट्याएवढंच आहे’ म्हणून पोरांना हात धरून पलीकडे नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलतं. नृसिंहवाडीला पुराचं पाणी मंदिरात शिरतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी लहान मुलांना दर्शन लांबूनच घडवावं.

घाट आणि गाडी

गगनबावड्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात पोरगं ओकलं की दोष पेट्रोलच्या वासाला किंवा सकाळच्या मिसळीला जातो. खरं कारण वेगळं. कानाच्या आतला भाग वळणं जाणवून देतो, आणि डोळे गाडीच्या आत खिळलेले असले तर ते सांगतात की काही हलत नाही. या दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हा त्रास जास्त. गप्प बसावं म्हणून दिलेला फोन तो हमखास वाढवतो. फोन काढून घ्या, समोरच्या काचेतून लांब बघायला लावा, थोडं हलकं खायला द्या. रिकामं पोटही चांगलं नाही.

मोपेडवर पायांत उभं केलेलं पोरगं ‘नजरेसमोर असतं’ म्हणून सुरक्षित समजतात. करकचून ब्रेक लागला तर आधी तेच हँडलवर आदळतं, आणि वर मोठ्याचं वजन. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलासाठी २०२२च्या नियमानं चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली आहे. दुकानात मुलांच्या मापाची हेल्मेटं मिळतात, मागणारेच कमी.

“त्यांना किल्ल्यातलं काय कळतंय?”

म्हणून पन्हाळ्यावर गेल्यावरही पोरांना घोड्यावर बसवायचं, कणीस द्यायचं आणि परत. मला हे फार लागतं. हा किल्ला २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. पळणाऱ्या, चढणाऱ्या, लपणाऱ्या पोरांसाठी याच्याइतकी चांगली जागा जवळपास नाही. अंधार बाव वरून साधी दगडी इमारत वाटते. आत तीन मजले, तळाशी विहीर, मधल्या मजल्यावर पहारेकऱ्यांच्या जागा आणि तटाबाहेर निसटायची चोरवाट. “शत्रू आला तर तू कुठून पळशील?” एवढा एक प्रश्न विचारा, पोरं अर्धा तास स्वतःहून शोधत राहतात. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या तीन कोठ्या आहेत. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला. गडावर हजार माणसं धरली आणि माणशी रोज चार भाकऱ्या, तर चार महिन्यांत किती, हा हिशेब आठ वर्षांचं पोरगं कोठीच्या गारव्यात तोंडी करायला बघतं आणि उत्तर ऐकून चाट पडतं.

तारखा, वंशावळी सांगत बसू नका, त्या शाळा सांगेल. जाताना प्रत्येकाच्या हातात छोटी बॅटरी द्या. अंधार बावीत थोरल्याला पुढे घाला, स्वतः धाकट्याच्या खालच्या पायरीवर राहा. पावसाळ्यात तिथे शेवाळ असतं. आणि पुसाटी बुरुजाकडे निघालात की कुस्ती, पळापळ सगळं बंद, धाकट्याचा हात घट्ट धरा.