ऑनलाइन दुकानाला जागा नव्हे, ताकद हवी

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे इच्छापूर टेकडीवरील इच्छादेवीच्या मंदिरामुळे ओळखले जाते. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. ऑनलाइन दुकानाचेही तसेच: वर्षभर मोजके ग्राहक आणि सणासुदीत एकदम झुंबड. या भागातील केळीचे वेफर्स वा यंत्रमागाचे कापड संकेतस्थळावरून विकू पाहणाऱ्याने होस्टिंग निवडताना ही झुंबडच डोळ्यांसमोर ठेवावी.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगच्या जाहिरातीत ‘अमर्याद जागा’ ठळक असते. दुकान मात्र जागेअभावी क्वचितच अडते. वस्तूंची पाने एकदा तयार करून कॅशमध्ये ठेवता येतात. कार्ट व पैसे भरण्याचे पान मात्र प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने घडवावे लागते. वूकॉमर्समध्ये असे प्रत्येक पान तयार होईपर्यंत पीएचपीची एक प्रक्रिया गुंतून राहते. योजनेत अशा ४ प्रक्रिया असतील आणि प्रत्येक पानाला १ सेकंद लागत असेल, तर सेकंदाला चौघेच पुढे सरकतात; बाकीचे रांगेत. म्हणजे दुकान अडखळते ते नेमके पैसे येण्याच्या क्षणी.

म्हणून होस्टिंग कंपनीला प्रक्रिया, रॅम व प्रोसेसरचे आकडे लेखी मागावेत. राखीव क्षमतेचा व्हीपीएस किंवा सणापुरती क्षमता वाढवता येणारा क्लाउड सर्व्हर बरा. देखभालीला जाणकार नसल्यास थोडे अधिक मोजून व्यवस्थापित सेवा घ्यावी. ग्राहक भारतातील असतील तर सर्व्हरही येथलाच असावा. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून उपलब्ध आहे. बॅकअप मात्र वेगळ्या ठिकाणी ठेवावा, आणि तो परत उतरवून पाहण्याची तालीम नवरात्राआधीच करावी.