महाकाय पाइन वृक्ष का कोसळतात?

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात कॉर्नवॉल नावाचे लहान गाव आहे. तेथे ‘कॅथीड्रल पाइन्स’ नावाची पांढऱ्या पाइनची जुनी राई होती. दीडशे फुटांच्या आसपास उंचीची झाडे पाहायला लोक दुरून येत. एका कुटुंबाने ही राई लाकूडतोडीपासून वाचविली व १९६७ साली निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेला दान दिली. १० जुलै १९८९ रोजी टोर्नेडो वादळ आले आणि काही मिनिटांत राईचा बहुतेक भाग आडवा झाला.

एवढी वर्षे उभे असलेले झाड असे का पडते? पहिले कारण उंची. पाइनचा पसारा शेंड्याकडे असतो. वारा तेथे ढकलतो व उंच खोड तरफेसारखे मुळांना उचकटते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर जवळजवळ चौपट होतो.

दुसरे कारण मुळे. मोठ्या झाडाची मुळे फार खोल जातात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बरीचशी मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीत दूरवर पसरतात. पावसाने ती माती चिखल झाली की पकड सैल होते. शेजारची झाडे तोडली तर आडोसाही जातो.

तिसरे कारण आतली कूज. मोडलेल्या फांदीतून किंवा जखमेतून बुरशी गाभ्यात शिरते. झाडाला पाणी व अन्न पोचते ते बाहेरच्या थरांतून. त्यामुळे गाभा पोकळ झाला तरी पाने हिरवीगार राहतात. म्हणूनच हिरवे झाड म्हणजे मजबूत झाड, असे समजू नये.

झाडे पडल्यावर कॉर्नवॉलमध्ये वाद झाला. ओंडके उचलावेत, नवी झाडे लावावीत, नाहीतर आग लागेल, असे अनेकांचे म्हणणे होते. संस्थेने बहुतेक झाडे पडली तशीच ठेवली. आगीचे भय म्हणून कडेचा पट्टा तेवढा साफ केला. याला कारण आहे. कुजणारा ओंडका ओल धरतो, किडे-पाखरांना आसरा देतो व हळूहळू माती होतो. मोकळ्या जागेत ऊन येते आणि नवी रोपे वर येतात.

जंगलात हे ठीक. घराजवळ मात्र सावध राहावे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात कितीतरी झाडे घरांवर व विजेच्या तारांवर पडली. आंबा असो, फणस असो वा सुरू, पावसाळ्यापूर्वी जुन्या झाडाभोवती एकदा फिरून पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. बुंध्यावर फळीसारखी कडक अळंबी उगवली आहे काय?

२. खोडाला नवी भेग पडली आहे काय?

३. झाड अलीकडे कलले आहे काय, एका बाजूची माती उचलली आहे काय?

४. गटार किंवा कुंपणासाठी मुळे तोडली होती काय?

यांपैकी काही आढळल्यास जाणकारास दाखवावे. कधी चार फांद्या उतरविल्यानेही भागते. सरसकट झाड तोडू नये.

आणखी एक सूचना. उन्मळून पडलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा गड्डा अचानक परत खड्ड्यात बसतो. मुलांना त्या खड्ड्यात कधीही खेळू देऊ नये.