गेमच्या कार्डावर सीटी स्कॅन

बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात 2008 साली संशोधकांनी एक संगणक जुळवला. त्यात गेमवेड्यांसाठी विकली जाणारी चार ग्राफिक्स कार्डं होती, प्रत्येकात दोन प्रोसेसर. एकूण खर्च चार हजार युरोंच्या आत. विद्यापीठाकडे 512 कोअरचा, 35 लाख युरोंचा सुपरकॉम्प्युटर होताच. पण टोमोग्राफीच्या, म्हणजे सीटी स्कॅनमागच्या गणितात हा टेबलाखालचा डबा त्याच्या तोडीस तोड ठरला. नाव ठेवलं ‘फास्ट्रा’. त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कार्डांचे नुसते भाव विचारत हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला ही बातमी वाचून झालेला आनंद वर्ल्ड कप जिंकल्याहून कमी नव्हता.

पुढच्याच वर्षी त्यांनी तेरा प्रोसेसरांचा ‘फास्ट्रा 2’ बांधला. मदरबोर्डवर एवढी कार्डं शेजारीशेजारी मावेनात, म्हणून लवचिक केबलींनी ती वर टांगली. तरीही संगणक सुरू करणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रामला, म्हणजे बायॉसला इतकी कार्डं झेपेनात. शेवटी आसुस कंपनीने त्यांच्यासाठी खास बायॉस लिहून दिला. असले उद्योग वाचताना मी जेवण विसरतो.

सीटी स्कॅनची पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. क्ष-किरणांचा झोत शरीराभोवती फिरतो, प्रत्येक कोनातून एक सावली मिळते आणि त्या सावल्यांवरून आतला छेद गणिताने काढायचा असतो. गणिताचा पाया योहान राडोनने 1917 मध्ये घातला. गॉडफ्रे हाऊन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये झाला; चित्र होतं 80 गुणिले 80 ठिपक्यांचं. अ‍ॅलन कॉरमॅक आणि हाऊन्सफील्ड यांना 1979 चं नोबेल मिळालं. झालं.

पण त्याच 1971 मधल्या एका भारतीय निबंधापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोलॅजेनची रचना उलगडणारे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं, की फूरिए रूपांतराचा गणिती वळसा न घेता प्रत्येक सावलीवर सरळ एक फिल्टर चालवता येतो. तो चालवला नाही, तर छेद ओल्या भिंतीवरच्या शाईसारखा फुटतो. हा ‘रॅम-लॅक’ फिल्टर आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे मात्र सीटीचा इतिहास सांगताना या दोघांचं नाव क्वचितच निघतं, याचा मला राग आहे.

फिल्टरनंतरचं काम म्हणजे बॅकप्रोजेक्शन, म्हणजे प्रत्येक सावली आली त्या कोनातून परत चित्रावर पसरवणं, आणि वेळ खरा तिथे जातो. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाने वेग मोजण्यासाठी ‘रॅबिटसीटी’ नावाची कसोटी ठेवली: एका सशाच्या 496 क्ष-किरण प्रतिमा, त्यातून उभं करायचं प्रत्येक बाजूला 512 ठिपके असलेलं त्रिमितीय चित्र. ठिपके झाले 13 कोटी 42 लाख. प्रत्येक ठिपक्याने प्रत्येक प्रतिमेतला आपला वाटा उचलायचा, म्हणजे साडेसहा हजार कोटींहून जास्त बेरजा! त्यासाठी एर्लांगेनची मंडळी वापरतात ती फेल्डकॅम्प पद्धत 1984 ची, आणि तिचे जनक फोर्ड मोटर कंपनीत नोकरीला होते.

एका बेरजेत काय होतं? ठिपक्यातून जाणारा किरण प्रतिमेवर कुठे पडतो ते भागाकाराने काढायचं, शेजारच्या चार पिक्सेलांमधून तिथली किंमत काढायची आणि ती मिळवायची. गेममध्ये तिरक्या भिंतीवर विटांचं चित्र चढवताना चिप हेच करते: तोच भागाकार, तेच चार पिक्सेल. शिवाय एका ठिपक्याला दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे हजारो एकदम मोजता येतात. हे साम्य कॅब्राल, कॅम आणि फोरन या तिघांनी 1994 मध्येच सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर वापरून दाखवलं होतं. पण ती यंत्रं महाग, आकड्यांची अचूकता तोकडी. ग्राफिक्स कार्डावर थेट गणित चालवू देणारं एनव्हिडिया कंपनीचं ‘कुडा’ 2007 मध्ये हाती आलं, तेव्हा गणिताला चित्रकलेचा वेष चढवण्याची गरज संपली.

एका स्कॅन सेंटरच्या कन्सोलपाशी बसलो असता तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, “रिकन लागलंय, होईल आत्ता.” रिकन म्हणजे रिकन्स्ट्रक्शन, सावल्यांतून छेद काढणं; त्यांच्या लेखी ती क्षणभराची वाट. माझ्या मते मात्र नुसत्या वेगापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. हाऊन्सफील्डची मूळ पद्धत अंदाज बांधायचा, त्याच्या सावल्या काढायच्या, खऱ्या सावल्यांशी ताडायच्या, दुरुस्ती करायची आणि पुन्हा तेच, अशी होती. ती फार वेळखाऊ म्हणून मागे पडली. तिच्या नव्या वारसदार पद्धती कमी किंवा गोंगाटी सावल्यांतूनही बरं चित्र काढतात, म्हणजे रुग्णाला किरणांची मात्रा कमी देता येते. त्या रोजच्या वापरात आणण्याइतकी गणनशक्ती स्वस्त करण्यात या कार्डांचा वाटा मोठा आहे.

अँटवर्पच्याच मंडळींनी अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेसोबत वाढवलेला ‘अ‍ॅस्ट्रा’ हा सॉफ्टवेअर संच फुकट आणि खुला आहे. पायथनमधून चालतो, एनव्हिडियाचं साधं कार्ड पुरतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या वाचकांनो, हजेरी लावणारं आणखी एक अ‍ॅप बनवण्याआधी हा संच उतरवून एक छेद स्वतः काढून पाहा.