देहबोलीचा हिशेब चुकतो कुठे?

संवादात शब्दांचा वाटा अवघा 7 टक्के, आवाजाच्या सुराचा 38 आणि चेहऱ्याचा, हावभावांचा 55 टक्के, हा हिशेब व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हमखास ऐकायला मिळतो. त्याचे मूळ 1967 साली प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुटे सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ध्वनिमुद्रित केले. एका प्रयोगात तर 'कदाचित' अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता आणि जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रे. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून हे सूत्र निघाले आणि ते भावना व आवडनिवड यांपुरतेच खरे आहे, असे मेहराबियन यांनीच पुढे बजावले. सूत्र सुटले, इशारा मागे राहिला. शब्दांना खरोखरच 7 टक्के किंमत असती, तर औषध दिवसातून किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर घ्यायचे, हे डॉक्टरांना नुसत्या चेहऱ्याने सांगता आले असते. पण चूक केवळ आकड्यांची नाही. शब्द आणि देह या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि त्यांतली देहाची तेवढी खरी, ही त्यामागची समजूतच तपासायला हवी.

हातवारे हा बोलण्याचाच भाग आहे, याचा एक ठोस पुरावा 1998 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मांध मुलांचे बोलणे अभ्यासले. या मुलांनी आयुष्यात कोणाचेही हातवारे पाहिलेले नव्हते. तरीही बोलताना त्यांचे हात डोळस मुलांइतकेच हलत होते, ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना हलत होते. म्हणजे हातवारे अनुकरणातून आलेले नाहीत आणि केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठीही नाहीत. गोल्डिन-मेडो यांच्याच 2001 मधील एका अभ्यासात, गणित कसे सोडवले हे समजावताना ज्यांचे हात मोकळे होते त्यांना, हात स्थिर ठेवणाऱ्यांपेक्षा, आधी पाठ केलेल्या गोष्टी अधिक आठवल्या. हात हलला की मनावरचा भार थोडा हलका होतो. फोनवर पत्ता सांगणारा माणूस रिकाम्या हवेत डावी-उजवी वळणे दाखवतो, त्याचे कारण इथे सापडते.

ऐकणाऱ्याचा देहही तितकाच कामाला लागलेला असतो. कॅनडातील जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना मात्र गुपचूप एक काम दिलेले होते: बोलणाऱ्याच्या तोंडी ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजत राहायचे. शब्द कानावर पडत होते, पण योग्य जागी दचकणे, कळवळणे, मान डोलावणे आटले. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्याची गोष्ट ऐन शेवटाला अडखळू लागली, तो तेच तेच पुन्हा सांगू लागला. पोवाड्यात शाहिरामागे झीलकऱ्यांनी 'जी जी' धरावे, तसा रोजच्या गप्पांतही ऐकणारा हुंकाराने आणि नजरेने सांगणाऱ्याला उचलून धरत असतो. बोलण्याची पाळी बदलण्याचा वेगही असाच दोघांच्या मेळातून येतो. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जगातील 10 भाषांमधील प्रश्नोत्तरे मोजली, तेव्हा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतके निघाले. विचारणारा उत्तर देणाऱ्याकडे पाहत असेल, तर बहुतेक भाषांत उत्तर आणखी लवकर येत होते.

यावर पहिला आक्षेप असा, की शब्दांनी माणूस खोटे बोलतो, देहाला ते जमत नाही. मग देहाला झुकते माप का देऊ नये? हा समज जगभर आहे. 58 देशांत झालेल्या एका पाहणीत, खोटे बोलणारा नजर चुकवतो, हेच उत्तर सर्वाधिक वेळा मिळाले. प्रत्यक्षात नजर चुकवण्याचा आणि खोटेपणाचा भरवशाचा संबंध सापडलेला नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये अशा शेकडो चाचण्यांचा, सुमारे 24 हजार परीक्षकांचा आढावा घेतला. खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली. नाणे उडवूनही 50 टक्के यश मिळतेच. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याच्या कार्यक्रमावर 2007 पासून सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाले आणि 2013 मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने, पुराव्याअभावी हा खर्च आवरा, अशी शिफारस केली. आपल्याकडेही 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाने शेरा नोंदवण्याची तरतूद होती. शेरा नोंदवायला हरकत नाही. पण घाम आणि चाचरणे हे खोटेपणाइतकेच भीतीचेही असू शकते, हे तो वाचणाऱ्याने विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चार्ल्स डार्विन यांनी 1872 मध्येच भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. काही मुद्रा मानवजातीला समान असतील, तर चेहरा नुसता वाचता यायला हवा. हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये याची परीक्षा घेतली. महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या टेनिसपटूंचे फक्त चेहरे दाखवले, तेव्हा कोण जिंकले हे लोकांना सांगता येईना. फक्त शरीर दाखवले, तेव्हा सहज ओळखता आले. संपूर्ण चित्र पाहताना मात्र लोकांना वाटत राहिले, की आपण चेहऱ्यावरूनच ओळखले. तीव्र भावनेच्या क्षणी तरी सुटा चेहरा पुरेसा बोलत नाही. त्याला अर्थ येतो तो भोवतालच्या प्रसंगातून.

मग फोनवर आणि काळोखातही संवाद होतोच, त्याचे काय? होतो, कारण सूर, विराम आणि हुंकार तिथेही असतात. ते बिघडले की गफलत होते. व्हिडिओ कॉलवर आवाज सेकंदभर उशिरा पोहोचला, की परदेशातला मुलगा तुटक बोलतोय, असे इकडे आईला वाटू शकते. जर्मनीतील 2014 च्या एका अभ्यासात हेच दिसले: दोष तंत्राचा असतो, लोक तो समोरच्या माणसाच्या स्वभावाला लावतात.

देहाकडे बारकाईने पाहण्याचा खरा लाभ चोर पकडण्यात नसून विचार समजून घेण्यात आहे. ब्रेकिनरिज चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी 1986 मध्ये लहान मुलांना, उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले तर ते तेवढेच राहते का, असे विचारले. काही मुले तोंडाने फक्त उंचीविषयी बोलत होती, पण त्यांचे हात भांड्याची रुंदीही दाखवत होते. शिकवल्यावर नेमक्या याच मुलांनी अधिक प्रगती केली. त्यांचे हात तोंडाला खोटे पाडत नव्हते. शब्दांत अजून न बसलेली अर्धी समज ते मांडत होते. पण रुंदी दाखवणारे ते हात उंचीविषयीच्या शब्दांशेजारी ठेवून पाहिले, तेव्हाच त्यांचा अर्थ कळला. म्हणून वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाचे हात काय दाखवतात, हे शिक्षकांनी अवश्य पाहावे. आणि मुलाखतीत उमेदवाराने हाताची घडी घातली, एवढ्यावरून त्याच्याविषयी मत बनवणाऱ्यांनी आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे.