नळदुर्गचा पूल आणि १३ सप्टेंबरची सकाळ

मंडळी, मघाशी कुणीतरी विचारलं की पिंगळीत बसून नळदुर्गाबद्दल कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आपलं गाव रेल्वेच्या रुळाला लागून आहे, नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. दोन्ही गावं १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होती. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, पण त्याच्या आधीचे चार दिवस काय झालं ते नीट सांगत नाही. ते आज सांगू.

नळदुर्गला महत्त्व कशामुळे आलं? आदिलशाही, निजामशाही आणि कुतुबशाही या तिघांच्या सीमा याच पट्ट्यात भिडत. त्यामुळे तिथं भक्कम किल्ला हवाच होता. बोरी नदी अडवून बंधारा बांधला, त्याच्या पोटात पाणीमहाल केला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी कोसळताना पाहायला आजही गर्दी होते. तेव्हा मात्र या पाण्याचा उपयोग शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी होता.

आता १९४८ मध्ये या. तोफा, रणगाडे, विमानं आलेली. जुन्या तटबंदीला कोण विचारतो? तरीही पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. कारण मोटार आणि रणगाड्याला रस्ता लागतो, रस्त्याला नदी आडवी येते, आणि नदीवर पूल असतो. महिना सप्टेंबरचा, नद्या भरलेल्या. पूल उडवला असता तर सगळी फौज अलीकडेच अडकली असती. हा काही आमचा कल्पनाविलास नव्हे. त्याच दिवशी तुळजापूरकडून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी फुगलेल्या नदीपाशी खरोखरच थांबली.

मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या हाताखालचं मुख्य सैन्य १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरच्या बाजूनं आत शिरलं. सातव्या ब्रिगेडनं अचानक झडप घालून बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. मग दुसऱ्या शीख पलटणीनं हैदराबादच्या पहिल्या इन्फन्ट्रीच्या ठाण्यांवर हल्ला केला. सकाळी ९ वाजता चिलखती गाड्या ८ किलोमीटरवरच्या जळकोटात होत्या, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. म्हणजे एक पूल हाती राहिला आणि एका दिवसात फौज ६० किलोमीटर आत गेली. मनमाड, औरंगाबाद, जालन्याच्या बाजूनंही सैन्य येतच होतं. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं शस्त्रं खाली ठेवली.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही कारण आणि निमित्त यांत फरक करायला सांगत असू. पूल हे निमित्त. कारण निजामाच्या हट्टात होतं, रझाकारांनी गावोगाव माजवलेल्या दहशतीत होतं, आणि चारी बाजूंनी भारतानं वेढलेल्या त्या राज्याच्या नकाशातही होतं. त्या जुलमाबद्दल आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. स्टेट काँग्रेसच्या लोकांनी तुरुंग भोगला, सीमेवरच्या कॅम्पांतून तरुण लढले.

पण गोष्ट १७ तारखेला संपली नाही, आणि इथं आपली जीभ अडखळते. लष्कर आल्यावर मराठवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्यातले बहुतेक मेलेले रझाकार नव्हते. साधे शेतकरी, विणकर, दुकानदार होते. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव हिंडले. कमीत कमी २७,००० ते ४०,००० माणसं मेली असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. नळदुर्ग त्या उस्मानाबादेतलं, आणि नांदेड तर आपल्याला खेटूनच.

अहवाल कित्येक दशकं छापला गेला नाही. आकड्यांवर वाद आहे, तो जरूर घालावा. पण रझाकारांचा जुलूम सांगितला की हे सांगायची गरज उरत नाही, किंवा हे सांगितलं की तो जुलूम हलका होतो, हा तर्क आम्हाला कधीच पटला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात त्याची प्रत २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळू लागली. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी ती वाचून यावी, मग बसू.